बोनेटवरचं कुंकू आणि काठावरची काळी रेघ

मागच्या अंकात पीपीएफबद्दल लिहिलं होतं, म्हणजे गाडीच्या रंगावर लावतात ती पारदर्शक फिल्म. त्यावर आलेल्या मेसेजेसमध्ये "लावू का" विचारणारे थोडेच, बाकी सगळे लावून बसलेले आणि आता हिचं करायचं काय म्हणणारे. तो अंक ज्यांच्या हातून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही फिल्म म्हणजे टीपीयू नावाचं लवचिक प्लास्टिक, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, खाली डिंक आणि वर अगदी पातळ टॉपकोट. कंपनीच्या रंगातला सगळ्यात वरचा क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या. तक्रारी येतात त्या एकतर टॉपकोटच्या नाहीतर डिंकाच्या, मधलं प्लास्टिक बिचारं बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

प्रश्न (ठाणे): दीड लाख घालून अख्ख्या गाडीला फिल्म लावली. सोसायटीत गाड्या पुसायला एक काका येतात पहाटे साडेपाचला. सहा महिन्यांत बोनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसायला लागल्यात. मला डुप्लिकेट फिल्म चिकटवली का?

फिल्म नाही हो, फडकं. काकांची एक बादली आणि वीस गाड्या, तुमचा नंबर चौदावा असेल तर आधीच्या तेरा गाड्यांची माती त्या फडक्यात बसून तुमच्या बोनेटवर येते, आणि धूळ म्हणजे काय तर बारीक वाळूच, ती कोरडी किंवा अर्धवट ओली घासली की रेघ उठणारच. टॉपकोट क्लिअर कोटपेक्षा मऊ असतो त्यामुळे रेघ लवकर उठते, पण मऊ आहे म्हणूनच ती परत भरूनही येते, ते पुढे सांगतो.

काकांचे पैसे कापू नका, काम बदला. त्यांना सांगा काचा, टायर, मॅट आणि आतलं करा, बॉडीला हात नको. ऐकायला विचित्र वाटेल पण आठवडाभर धुळीत उभी राहिलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षा चांगली राहते. डिकीत ठेवलेला तो लाल धाग्यांचा डस्टर पण घरी डायनिंग टेबलासाठी द्या.

धुवायची कशी तर गाडी सावलीत, बोनेट हाताला गार लागायला हवं. आधी नुसतं पाणी, भरपूर, फडकं न लावता, माती आपली आपण सुटून खाली जाऊ दे, अर्धं काम तिथेच होतं. मग कार शॅम्पू, पीएच न्यूट्रल लिहिलेला, म्हणजे ना आंबट ना अल्कली. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा साबण नको. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत नुसतं पाणी, मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. छतापासून सुरुवात, खालची पट्टी आणि बंपर सगळ्यात शेवटी, आणि त्यासाठी कापड वेगळं. पुसताना मायक्रोफायबर टॉवेल ठेवून टिपायचं, ओढायचं नाही.

आता आधीच्या रेघांचं. बऱ्याच फिल्मचा टॉपकोट गरम झाला की बारीक रेघा भरून येतात, सेल्फ हीलिंग म्हणतात ते हेच. एप्रिलच्या उन्हात दुपारभर गाडी उभी केली तरी फरक दिसतो. नाहीतर आंघोळीच्या कडक पाण्यापेक्षा जरा जास्त गरम पाणी, उकळतं नाही, तांब्याने हळूहळू सोडायचं. मात्र गाडी आधी धुतलेली हवी. रेघा गेल्या तर फिल्म अस्सल आणि काकाही निर्दोष सुटले समजा.

प्रश्न (नाशिक): दसऱ्याला आईने बोनेटवर हळद-कुंकवाने स्वस्तिक काढलं, वर झेंडूची माळ. रात्री पाऊस आला. आता पांढऱ्या गाडीवर पिवळं-गुलाबी स्वस्तिक कायमचं बसलंय. मी शॅम्पूने घासलं तर पिवळं होतं ते लालसर झालं! आईला काही बोलू पण शकत नाही.

बोलूच नका, पुढच्या वर्षीही पूजा व्हायचीच आहे. दर नवरात्र संपलं की माझ्याकडे अशा दोन-चार गाड्या हमखास येतात त्यामुळे यावर जरा सविस्तर.

लालसर का झालं ते आधी. हळदीचा रंग ज्या पदार्थामुळे असतो त्याला कुर्क्युमिन म्हणतात आणि तो अल्कलीत लाल होतो. आपल्या आज्या हळदीत चुना घालून कुंकू करायच्या ते याच तत्त्वावर. तुम्ही वापरलेला शॅम्पू अल्कलीवाला असणार, म्हणजे तुम्ही बोनेटवर घरच्या घरी कुंकू तयार केलंत. घाबरू नका, साध्या पाण्याने साबण पूर्ण निघून गेला की लाली बरीच उतरते.

हळदीचं एक बरं आहे, तिला ऊन सोसत नाही. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो ना, तसंच इथे. धुवून गाडी तीन-चार दिवस उन्हात लावा, नाक सूर्याकडे करून. मग जे उरेल त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालायचं, मऊ कापडावर घ्यायचं, डागावर ठेवून टिपायचं, कापडाची बाजू बदलायची, परत टिपायचं. कुर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळतं म्हणून हा उपाय. जेलवालं सॅनिटायझर नको, थिनर आणि पेट्रोल तर अजिबात नको, त्याने डाग जाईल पण सोबत टॉपकोटची चमकही जाईल.

कुंकवाचं मात्र अवघड आहे. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात हळद नावाला आणि कृत्रिम रंग जास्त असतो, तो टॉपकोटमध्ये मुरला, त्यातून रात्रभर ओला राहिला, तर गुलाबी छटा थोडी राहते. अल्कोहोलच्या दोन-तीन फेऱ्या होऊनही तशीच राहिली तर पॉलिश मशीन मारायला देऊ नका, फिल्म घासली जाईल. एकतर राहू द्या, देवाचंच आहे, नाहीतर फक्त बोनेटची फिल्म बदला.

पुढच्या वर्षी आईला सांगा स्वस्तिक समोरच्या काचेवर काढ, वरच्या कोपऱ्यात. काचेला काही होत नाही आणि गाडीत बसल्यावर तिलाही दिसतं. आमच्या घरी हा तह झालाय. माळ ग्रिलला बांधायची, बोनेटवर आडवी टाकायची नाही, ओल्या झेंडूचाही डाग पडतो. आणि रंगपंचमीला गाडीवर कव्हर.

प्रश्न (रत्नागिरी): फिल्मच्या काठाकाठाने लाल-काळी रेघ दिसते, नखाने काढायला गेलो तर एका ठिकाणी काठच उचलला गेला. फेविक्विक लावू का?

नको!! फेविक्विक रंगापर्यंत गेलं तर फिल्म, डिंक आणि रंग असं तिन्ही एक होऊन बसेल.

तुमच्याकडे जांभ्याची लाल माती, ती पिठासारखी बारीक असते. फिल्म बऱ्याचदा पॅनेलच्या टोकाच्या जरा आत कापलेली असते, तिथे काठावर डिंकाची केसाएवढी कड उघडी राहते आणि माती येऊन तिलाच चिकटते. वर कोणी वॅक्स लावलं असेल तर ते पण तिथेच साचतं आणि काळं पडतं. अशा कापलेल्या फिल्मला थोडीफार ही रेघ येतेच, पूर्ण घालवायचा नाद करू नका. मऊ टूथब्रश, शॅम्पूचं पाणी, आणि ब्रश काठाला समांतर फिरवायचा, आडवा नाही. चिवट असेल तर कानात घालायच्या काडीवर मघाचंच अल्कोहोल-पाणी.

उचललेल्या काठाचं असं आहे की आत माती गेली नसेल तर लावणारा माणूस गरम करून, आतून अल्कोहोलचं पाणी मारून परत बसवू शकतो, पाच मिनिटांचं काम. माती गेली असेल तर डिंक मेला, तो परत धरत नाही, मग तेवढा तुकडा सरळ कापून टाकणं बरं. उचललेला काठ तसाच ठेवला तर पुढच्या वॉशिंगला हातभर फाटतो.

माझंच सांगतो. स्वतःच्या गाडीला फिल्म लावून महिना झाला नव्हता आणि हायवेवरून येताना बंपरवर किड्यांचा सडा, घाई होती, प्रेशर गन घेतली आणि चार इंचावरून काठावर तिरकी मारली. बंपरचा कोपरा रुमालासारखा उघडला. दुसऱ्यांना रोज सांगणारा मी. गन निदान दीड-दोन फूट लांब, पाणी समोरून सरळ, काठाच्या खाली घुसेल असं कधीच नाही.

आणि हो, ज्या वॉशिंग सेंटरवर चमक यावी म्हणून बॉडीवर डिझेलचं फडकं फिरवतात तिथे फिल्मवाली गाडी नेऊच नका. काठातून आत गेलेलं डिझेल डिंक मऊ करतं.

प्रश्न (लातूर): आमच्याकडे बोअरचंच पाणी. फिल्मवर पांढरे गोल डाग पडलेत, घासून जात नाहीत.

घासून जाणारच नाहीत, ते क्षार आहेत, कढईच्या तळाला बसतात तेच. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं. त्याला आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, गार बोनेटवर, कापड भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं नाही. लिंबू चोळू नका, आंबटपणा किती त्याचा अंदाज नाही आणि बियांनी ओरखडे वेगळेच. बाथरूमचं अ‍ॅसिड कोणी सुचवलं तर त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा.

डाग जुने असतील तर टॉपकोटमध्ये खड्डा पडलेला असतो, क्षार निघाले तरी गोल दिसत राहतात. थोडं गरम पाणी सोडून बघा, कधी कधी भरून येतं. पुढे पाणी बोअरचंच असणार तर उपाय एकच, वाळायच्या आत टिपून काढायचं, एकेक बाजू धुवायची आणि तीच आधी पुसायची. शेवटच्या पाण्याला फिल्टरचं एक बादलीभर मिळालं तर उत्तमच, पण प्यायला टँकर लागत असताना गाडीला आरओचं पाणी वापरा असं मी काही सांगणार नाही.

प्रश्न (पुणे): परवाच फिल्म लावली, आत बुडबुडे आणि धुरकट पट्टे दिसतायत. लावणारा म्हणतो जातील. टाचणीने फोडू का?

टाचणी खाली ठेवा. फिल्म ओली लावतात, खाली शॅम्पूचं पाणी असतं आणि ते स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ढकलून काढतात, थोडं राहतंच. ते फिल्ममधून हळूहळू उडून जातं, उन्हाळ्यात चार दिवस, पावसाळ्यात दोन-तीन आठवडेही लागतात. बोटाने दाबल्यावर आतल्या आत सरकतं ते पाणी, ते जाणार. आत कण दिसतोय तर तो धुळीचा, तो जाणार नाही. आणि काठाला बोटासारखी उठलेली चुणी, जाड घडी किंवा सुरकुती असेल तर आत्ताच फोटो काढून पाठवा, महिन्याने गेलात तर तुमच्यावरच येईल. पहिला आठवडा गाडी धुवू नका, कव्हर पण घालू नका, ओल अडकते.

प्रश्न (सोलापूर): फिल्म लावली तर पोलीस पकडतात ना?

तो काचांचा विषय. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो काचांवरच्या फिल्मबद्दल होता. बॉडीवरच्या पारदर्शक फिल्मला कोणी काही म्हणत नाही. गाडीचा रंगच बदलणारी फिल्म लावलीत, म्हणजे पांढऱ्याची काळी केलीत, तर मात्र आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

प्रश्न (कोल्हापूर): कोणीतरी किल्लीने दार ते मागचं पॅनेल ओढलंय. सेल्फ हीलिंग फिल्म आहे, गरम पाणी टाकलं तरी रेघ जात नाही.

तुमचा राग समजतो. पण भरून येतं ते फक्त टॉपकोटमधलं, किल्ली त्याच्या खाली टीपीयूत घुसली की ती चीर, आणि चीर कशानेही बुजत नाही, हीट गन घेऊन तर बिलकुल बसू नका, एकाच जागी धरली की फिल्म वितळून ताणली जाते. रेघेवर हलकेच नख फिरवा, अडकत असेल तर फिल्म गेली. आता मुख्य गोष्ट, त्या दोन पॅनेलची फिल्म काढल्यावर खालचा रंग जसाच्या तसा निघाला तर पैसे वसूल. बहुतेक वेळा निघतो. ही फिल्म मुळात निघालीच मार खायला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांनी झिजत होती म्हणून थ्रीएम कंपनीने तसली टेप बनवली, गाड्यांवर ती फार नंतर आली.

फक्त खराब झालेलं पॅनेल बदलता येतं. फिल्म पारदर्शक असल्याने शेजारच्यापेक्षा वेगळी दिसत नाही, जुनी पिवळी पडली असेल तरच फरक कळतो.

प्रश्न (न्यूजर्सी): इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. फिल्म खराब होईल का? आणि ऑटोमॅटिक कार वॉश चालेल का?

मिठाने फिल्मचं लगेच काही बिघडत नाही, पण वाळलेलं मीठ खरखरीत असतं, ते घासू नका, आधी धुवून काढा, काठांवर आणि चाकांच्या मागे विशेष. कार वॉश ब्रश नसलेलं, टचलेस म्हणतात ते घ्या. फिरणारे ब्रश काठ पकडतात. बर्फ खरवडायचं प्लास्टिक काचेपुरतंच, बोनेटवर नको.

प्रश्न (नागपूर): पांढऱ्या गाडीवरची फिल्म दोन वर्षांत पिवळी. ऊन आहे आमच्याकडे, पण इतकं?

आधी बघा पिवळी झालीय की नुसती मळलीय. तळहाताएवढी जागा शॅम्पूने, मग अल्कोहोल-पाण्याने साफ करा. तिथे पांढरी झाली तर वर धुराचा, डांबराचा थर बसलाय, नीट धुतली की निघेल. नाही झाली तर पिवळेपणा फिल्मच्या किंवा डिंकाच्या आत आहे आणि तो कोणत्याही लिक्विडने जात नाही, कोणी बाटली विकत असेल तर घेऊ नका.

दोन वर्षांत आतून पिवळी म्हणजे मला शंका आहे की ती टीपीयू नाहीच, पीव्हीसी असावी. दिसायला सारखीच, हाताला जरा कडक लागते, ताणली तर परत जागेवर येत नाही, आणि किंमत निम्म्याहून कमी. टीपीयूतही उन्हात लवकर पिवळा पडणारा प्रकार आणि टिकणारा प्रकार असतोच. बिलावर काय लिहिलंय आणि रोलचा नंबर दिलाय का ते बघा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असतो, पण कंपनीकडे तुमच्या गाडीची नोंद झालीय का हे फोन करून विचारायला हवं, ते कोणीच करत नाही.

प्रश्न (चेंबूर): कबुतरं!

माहितीय. त्यांच्या विष्ठेत युरिक अ‍ॅसिड असतं आणि उन्हात तापलं की काही तासांत टॉपकोटवर ठसा उठतो. खरवडू नका, त्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात. टिश्यू भिजवून त्यावर पाच-सात मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या, पुसू नका. गाडीत एक पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबर कायम ठेवा. हायवेवरचे किडे पण असेच काढायचे. फिल्मवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे घाण चिकटू न देणारा पातळ थर, मारलं तर या गोष्टी लवकर सुटतात. खडी लागली तर त्या कोटिंगचा काही उपयोग नाही, तेवढं माहीत असू द्या. कोटिंग फिल्मच्या वर मारायचं हां, खाली मारलं तर डिंक धरत नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीची, फिल्म असेल तर मॅटचंच कोटिंग घ्या, आणि साधं वॅक्स-पॉलिश लावाल तर तेवढाच ठिपका तेलकट चमकत बसेल.

प्रश्न (पणजी): गाडी सहा वर्षांची, विकायची आहे. फिल्म ठिकठिकाणी तडकलीय. घरीच काढली तर चालेल का? डावं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) मध्ये एकदा डेंटिंग-पेंटिंग केलंय.

ते शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यावरून फिल्म नीट काढली तर सहसा काही होत नाही. गॅरेजमधला रंग किती नीट बसलाय ते कोणालाच माहीत नसतं, फिल्म ओढली आणि सोबत रंगाचा पोपडा आला असं मी डोळ्यांनी पाहिलंय, मालकाचा चेहरा पण पाहिलाय. फेंडरला तुम्ही हात लावू नका. तिथली फिल्म शेवटी, हे काम करणाऱ्या माणसाकडून, आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची हे आधी बोलून. नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर फिल्म लावायची असेल तर निदान महिनाभर थांबायचं, रंगातलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो, तुमच्या वेळी थांबले होते का ते आठवून बघा.

बाकीचं घरी करता येईल पण तडकलेली फिल्म हा वैताग आहे, अखंड निघत नाही, नखाएवढे तुकडे निघतात. दुपारच्या उन्हात गाडी तापू द्या किंवा हेअर ड्रायरने गरम करत चला. कोपरा प्लास्टिकच्या कार्डाने उचला, ब्लेड नको. मग फिल्म वर उपटायची नाही, स्वतःवरच दुमडून पत्र्याला जवळजवळ लागून मागे ओढायची, सावकाश, केळं सोलतो त्यापेक्षाही सावकाश. झटका दिला की डिंक रंगावर राहतो. राहिलेल्या डिंकाला अ‍ॅडेसिव्ह रिमूव्हर लावून पाच मिनिटं थांबा, प्लास्टिकच्या कार्डाने गोळा करा, मग शॅम्पूने धुवा. एक बोनेट काढून बघा. दोन तासांत झालं तर पुढे जा, नाही झालं तर गाडी तशीच घेऊन दुकानात, अर्धी काढलेली असली तरी ते घेतात.

फिल्म काढल्यावर जिथे ती नव्हती तिथला रंग जरा फिका दिसेल, म्हणजे दारांवर आणि बोनेटवर फरक. गिऱ्हाईक बघायला यायच्या आधी तिथे पॉलिश करून घ्या.